शर्ट ओला असतानाच सांभाळायचा

मागच्या अंकात सुती साड्यांच्या खळीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त पत्रं शर्टांची निघाली. समारंभाच्या कडक शर्टांची नव्हे, रोज अंगावर चढणाऱ्या साध्या शर्टांची. चौकड्यांचे, अर्ध्या बाह्यांचे, कॉलरचे टी-शर्ट. मी सांगलीत शर्ट शिवते. शिवून दिलेला शर्ट काही महिन्यांनी बटण लावायला किंवा उसवलेली शिवण घालायला माझ्याकडेच परत येतो, आणि तो घरी कसा धुतला जातोय हे मला कॉलर बघून कळतं. म्हणून या वेळचं सगळं पान शर्टांना.

ताई, दिवाळीत यजमानांसाठी तयार शर्ट घेतले, चांगले सुती. थोड्याच धुण्यांत कॉलरवर फुगे आले. इस्त्री केली की बसतात, धुतलं की पुन्हा येतात. बाकी कापड नवंकोरं दिसतं. साबण बदलू का?
*— एक वाचक, लातूर*

साबणाचा यात काही दोष नाही, तो बदलू नका. कॉलर म्हणजे कापडाचे दोन थर आणि मध्ये ताठपणासाठी घातलेलं अस्तर. पूर्वी हे अस्तर, म्हणजे बक्रम, नुसतं शिवणीत धरलेलं असे. आता जवळजवळ सगळ्या तयार शर्टांत चिकटणारं अस्तर असतं, त्याला आम्ही फ्यूजिंग म्हणतो. त्याच्या एका बाजूला प्लास्टिकजातीच्या डिंकाचे बारीक बारीक ठिपके असतात. कारखान्यात मोठ्या दाबाच्या गरम यंत्राखालून कॉलर काढली की ठिपके वितळून कापडाला धरतात. उष्णता, दाब आणि वेळ, या तिन्हींपैकी एकात जरी काटकसर झाली तरी ते अर्धवट धरतात. दुकानात कॉलर अगदी गुळगुळीत दिसते. पाण्यात गेली की जिथे डिंक कच्चा राहिला तिथे कापड अस्तरापासून सुटतं. तोच तुमचा फुगा.

दुसरं एक कारण असतं. अस्तर आणि वरचं कापड यांचं आटणं सारखं नसेल, तर धुतल्यावर एक जण दुसऱ्यापेक्षा जास्त आकसतो आणि उरलेलं कापड वर उचलून येतं. असा फुगा कॉलरच्या टोकाकडे जास्त दिसतो आणि तो इस्त्रीने फार काळ बसत नाही.

आधी उपाय करून बघा. कॉलर पालथी टाका, म्हणजे वरची बाजू खाली. तिच्यावर पातळ सुती रुमाल ओला करून घट्ट पिळून पसरा. इस्त्री सुतीच्या आकड्यावर ठेवा आणि रुमालावरून नुसती दाबा. सरकवू नका. दहा-पंधरा सेकंद दाबून उचला, शेजारच्या जागी ठेवा, पुन्हा दाबा. मग कॉलर पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. डिंक गरम असताना कॉलर उचलली की धरू पाहणारे ठिपके पुन्हा सुटतात, आणि घाईत नेमकं तेच होतं. डिंक कच्चा राहिल्यामुळे आलेला फुगा याने बराच काळ बसतो. आटण्यातला फरक असेल तर बसणार नाही. मग शर्ट आवडीचा असेल तर शिंप्याकडून कॉलर उसवून अस्तर बदलून घ्या. एवढ्यासाठी चांगला शर्ट टाकून देऊ नका.

आणि यापुढे कॉलरला पीळ देणं बंद करा. आपल्याकडे शर्ट धुतला की दोन हातांत धरून दोरखंडासारखा पिळायची पद्धत आहे. त्यात सगळ्यात जास्त मार बसतो तो कॉलरला, कारण तिथे थर जास्त आणि ते एकमेकांवर सरकतात. शर्ट मुठीत धरून दाबा, बालदीच्या काठावर निथळत ठेवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, काहीही करा, पण पीळ नको. दगडावर आपटणंही नको.

पुढच्या वेळी दुकानात कॉलर दोन बोटांत धरून चुरून बघा. थर एकमेकांवर सरकताना जाणवले तर शर्ट ठेवून द्या. कॉलरच्या कडेची शिवणही बघा. टाके बारीक आणि दाट असले, इंचाला चौदा-पंधरा तरी, तर शिवणाऱ्याने बाकी ठिकाणीही हात आखडता घेतलेला नसतो असा माझा अनुभव आहे.

काकू, मी पुण्यात होस्टेलला राहतो. माझ्याकडे बहुतेक कॉलरवाले टी-शर्टच आहेत. सगळ्यांच्या कॉलरची टोकं वर वळली आहेत, आणि टी-शर्ट आखूड होऊन रुंद झाले आहेत. बालदीत धुतो, खिडकीला हँगरवर वाळवतो. काय चुकतंय?
*— अभियांत्रिकीचा विद्यार्थी*

तुझ्या पत्रात एका शब्दात उत्तर आहे. हँगर.

तुझा टी-शर्ट विणलेल्या, म्हणजे निटिंगच्या कापडाचा आहे. त्यात उभे-आडवे धागे नसतात, एकात एक अडकवलेले फासे असतात. म्हणून तो ताणतो, अंगाला बरा वाटतो, घाम सुकवतो. रने लाकोस्त या फ्रेंच टेनिसपटूने लांब बाह्यांच्या कडक शर्टात खेळणं सोडून असा जाळीदार विणीचा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला, आणि १९३३ साली एका विणकामाच्या कारखानदाराबरोबर त्याचा धंदाच सुरू केला. आज तू घालतोस तो त्याच घराण्यातला. पण ज्या गुणामुळे तो खेळायला चांगला, त्याच गुणामुळे ओला असताना तो सहज ताणतो. पाण्याने भरलेला टी-शर्ट चांगला जड असतो. तो हँगरवर टांगलास की सगळं वजन खांद्यावर येतं, खांद्याला हँगरची टोकं उठतात, आणि कॉलर आपल्याच वजनाने बाहेर ओढली जाते.

आखूड होऊन रुंद होणं वेगळं. कारखान्यात विणलेलं कापड लांबीला ओढून ताणलेल्या अवस्थेत सुकवलेलं असतं. पहिल्या काही धुण्यांत फासे मोकळे होतात आणि आपल्या मूळ आकाराकडे जातात, म्हणजे उंचीला कमी, रुंदीला जास्त. जेवढं पाणी गरम आणि जेवढी घुसळण जास्त, तेवढं हे लवकर होतं. पूर्ण थांबवता येत नाही, पण हाताने बरंच परत आणता येतं. कसं ते सांगते.

धुताना टी-शर्टची बटणं लाव, तो उलटा कर, साधं पाणी घे. पावडर पाण्यात आधी विरघळव. अर्ध्या तासापेक्षा जास्त भिजवू नकोस. ब्रश कॉलरला लावू नकोस, कॉलर हाताच्या दोन बोटांत साबण घेऊन चोळ. पाणी काढताना टी-शर्टची चौपदरी घडी घालून बालदीच्या तळाशी तळहाताने दाब. मग जुन्या टॉवेलवर पसर, टॉवेलसकट गुंडाळ आणि गुंडाळीवर गुडघा टेक. खोलीमित्र हसतील, हसू देत.

आता मुख्य काम. टी-शर्ट कॉटवर किंवा टेबलावर सपाट पसर. खांद्याची शिवण आणि खालची कड धरून हलकेच उभा ओढ, मग बाजू आत सरकव. पुढची पट्टी सरळ कर. कॉलर पूर्ण उघडी करून तळहाताने सपाट दाब, टोकं खाली वळव, आणि ज्या घडीत ती अंगावर बसते त्याच घडीत ठेव. एवढं करून तिथेच अर्धा दिवस राहू दे. जागाच नसेल तर दोरीवर काखेच्या रेषेत अर्धा इकडे अर्धा तिकडे टाक. चिमटा फक्त काखेच्या शिवणीला.

कॉलर वाळताना ज्या आकारात असते तोच आकार धरते. सुती धाग्यातले कण पाण्याने एकमेकांपासून सुटतात आणि सुकताना पुन्हा एकमेकांना धरतात. जिथे असतील तिथेच धरतात. सुरकुती पडते ती यामुळेच आणि जाते तीही यामुळेच. मी पानाला जे शीर्षक दिलंय ते यासाठीच दिलंय.

कॉलरच्या आतल्या बाजूला काळी-पिवळी रेघ पडते ती जातच नाही. मिस्टरांना डोक्याला खोबरेल तेल लावायची सवय आहे. मी ब्रशने इतकं घासते की कापड विरलं, पण रेघ आहे तशीच. शर्ट टेरिकॉटचे आहेत.
*— गृहिणी, अकोला*

तेल, अंगातून सुटणारी चरबी, घाम आणि मेलेल्या त्वचेचे कण, यांचा तो थर आहे. त्यावर रस्त्याची धूळ चिकटली की रेघ काळी दिसते. टेरिकॉटमधल्या पॉलिस्टरला तेलाचं फार प्रेम असतं. सुती धागा पाणी पितो, त्यामुळे पाण्याबरोबर आलेला साबण आतपर्यंत पोचतो. पॉलिस्टर पाणी पीत नाही आणि तेल सोडत नाही. म्हणून कोरड्या कॉलरवर पाण्याआधी साबण गेला पाहिजे. आपण करतो उलटं. आधी शर्ट बालदीत बुडवतो, मग ओल्या रेघेवर वडी घासतो.

शर्ट कोरडा असताना रेघेवर भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका. ते तेल सोडवण्यासाठीच बनवलेलं असतं. बोटाने रेघभर पसरवा आणि वीस मिनिटं ठेवा. मग जुना, मऊ झालेला टूथब्रश घ्या. कॉलर टेबलावर सपाट ठेवून रेघेच्या लांबीने, एकाच दिशेने, हलक्या हाताने फिरवा. मागे-पुढे खरवडू नका. कोमट पाण्याने धुवा. कोमट म्हणजे हाताला सुखाचं, ४० अंशांच्या आसपास. बाजारातल्या बऱ्याच पावडरींमध्ये घामाचे आणि चरबीचे डाग तोडणारी एन्झाइम्स असतात, ती एवढ्या उबेत चांगली काम करतात. उकळत्या पाण्यात ती निकामी होतात. त्यामुळे "कढत पाणी ओतलं तरी जात नाही" असं जे बऱ्याच जणी लिहितात, तिथे कढत पाण्यानेच घोळ होतो.

रेघ गेली की नाही हे ओल्या कॉलरवर कळत नाही. उजेडात धरून बघा, आणि शंका असेल तर इस्त्री न करता वाळू द्या. तेल राहिलेल्या जागी गरम इस्त्री फिरली तर डाग धाग्यात पक्का बसतो. मग मीही काही करू शकत नाही.

आणि तेलाची सवय सोडवू नका, चांगली सवय आहे. रात्री लावा म्हणावं, सकाळी डोकं धुऊन निघा. सकाळी लावायचंच असेल तर शर्ट घालण्याआधी मानेवर साधी टाल्कम पावडर टाकायला सांगा. पावडर तेल शोषते आणि कॉलरवर जाणारा थर कमी होतो. कापड विरलंय म्हणता, त्याबद्दल शेवटच्या पत्राचं उत्तर वाचा.

आमच्याकडे बोअरचं पाणी. पांढरे आणि फिकट शर्ट महिन्याभरात करडे दिसायला लागतात, हाताला खरखरीत लागतात. नीळ घातली तर निळे डाग पडतात. काखेत पिवळेपणा आहे तो वेगळाच.
*— शिक्षिका, जालना जिल्हा*

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम धरली आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मराठवाड्यातल्या बऱ्याच बोअरचं पाणी या खालच्या आकड्यात बसत नाही. साबणाची वडी अशा पाण्यात फेस देत नाही, पांढरा साका धरते. हा साका धाग्यांत बसतो, तोच मळ पकडून ठेवतो. खरखर त्याचीच आणि करडेपणाही त्याचाच.

तुम्ही वडी बंद करा, डिटर्जंट पावडर वापरा. पावडर टाकायच्या आधी बालदीभर पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा. किराणा दुकानात सुटा मिळतो. तो क्षारांना आधीच अडवतो आणि पावडर मळावर काम करायला मोकळी राहते. हात लगेच धुवा, सोडा त्वचेला कोरडं करतो. रेशमाला आणि लोकरीला सोडा लावू नका. शेवटच्या विसळणीला शक्य असेल तर साठवलेलं पावसाचं पाणी किंवा टँकरचं गोडं पाणी ठेवा. सगळं धुणं त्यात करायची गरज नाही, शेवटचं एक पाणी तेवढं.

नीळ मळ काढत नाही, ती पिवळेपणाच्या वर निळसर झाक देते आणि डोळ्याला कापड पांढरं वाटतं. आधी करडेपणा काढा, मग नीळ. डाग पडतात कारण नीळ बालदीत थेट टाकली जाते आणि शर्टाची घडी बुडवली जाते. तांब्यात विरघळवून, बालदीत ढवळून, शर्ट पूर्ण उलगडून एकदम बुडवा आणि लगेच वर-खाली करा. फिकट रंगाच्या शर्टांना नीळ नको, क्रीम आणि बदामी रंग तर त्याने मळकट होतात.

काखेतला पिवळेपणा बहुतेक वेळा घामरोधक डिओडरंटमुळे असतो. त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाशी मिळून कापडात साठतात. एक वाटी पाण्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घालून तेवढाच भाग अर्धा तास भिजवा, विसळा, मग पांढऱ्या शर्टाला ऑक्सिजनचं ब्लीच, म्हणजे परकार्बोनेटची पावडर, कोमट पाण्यात घालून दोन तास ठेवा. क्लोरिनचं ब्लीच इथे वापरू नका. पिवळेपणा वाढतो, आणि ज्या शर्टावर ‘सुरकुती न पडणारा’ असं लिहिलेलं असतं त्याच्या कापडावरचा लेप क्लोरिन धरून ठेवतो, कापड पिवळं पडून कमजोर होतं. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. क्लोरिन ब्लीच आणि व्हिनेगर किंवा लिंबू कधीही एकत्र करायचं नाही. विषारी वायू सुटतो. बंद मोरीत तर जिवावर बेतू शकतं.

पावसाळ्यात शर्ट दोन दिवस वाळत नाहीत, कुबट वास येतो. इस्त्री केली तरी अंगात घातल्यावर वास परत.
*— चिपळूण*

वास येतो तो ओलावा रेंगाळल्यामुळे. तुमच्याकडे जुलैत हवाच ओली, म्हणून उष्णतेपेक्षा वारा महत्त्वाचा. एका वेळी कमी कपडे धुवा. दोन शर्टांत वीतभर अंतर ठेवा, कॉलर उभी करा, बाह्या मोकळ्या सोडा, आणि रात्री पंखा त्यांच्याकडे करून चालू ठेवा. कॉलर, कफ, बटणपट्टी सगळ्यात शेवटी वाळतात. तिथे हात लावून बघितल्याशिवाय शर्ट कपाटात नेऊ नका. वास आलेला शर्ट पुन्हा धुवावाच लागतो, इस्त्रीने वास दबतो आणि घामाने परत उठतो. सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, कापडावर मेणासारखा थर बसतो आणि टी-शर्ट घाम शोषायचा थांबतो.

इस्त्रीवाल्याकडून शर्ट येतो तेव्हा कॉलरला सुरीसारखी घडी असते आणि बटणपट्टी लाटांसारखी. घरी केली तर तासभर जातो. काळ्या शर्टाला तर चकाकी आली आहे.
*— ठाणे*

पट्टीच्या लाटा इस्त्रीवाल्याच्या नाहीत, धाग्याच्या आहेत. शिवणीचा धागा आणि कापड यांचं आटणं जुळलं नाही की शिवण कापडाला गोळा करते. वाळत घालताना पट्टीचं वरचं आणि खालचं टोक धरून एकदा ठाम ओढ द्या, मग शर्ट हँगरवर टांगा. उभ्या-आडव्या धाग्यांच्या साध्या शर्टाला हँगर चालतो, टी-शर्टाला नाही. रुंद खांद्यांचा प्लास्टिकचा घ्या. तारेचा नको, गंजाचा डाग सहजासहजी निघत नाही. वरचं बटण आणि तिसरं बटण लावा, कॉलर उभी करून बोटांनी सपाट ओढा. वॉशिंग मशिनमध्ये शर्ट असतील तर मशिन अर्धंच भरा, कॉलर-कफसकट सगळी बटणं काढा, आणि पिळायचा वेळ एक-दीड मिनिटावर आणा. पाच मिनिटं फिरवलेल्या शर्टाच्या घड्या इस्त्रीला हार जात नाहीत.

इस्त्रीला तासभर लागतो कारण शर्ट कडक वाळलेला असतो. थोडा दमट असतानाच काढा. वाळला असेल तर पाणी शिंपडून गुंडाळी करून अर्धा तास ठेवा, आमच्याकडे अजून असंच करतात. क्रम असा: कॉलर, मग खांद्याचा पाठचा तुकडा, कफ, बाह्या, शेवटी पुढचा-मागचा भाग. कॉलर आधी आतल्या बाजूने, टोकाकडून मध्याकडे. मध्याकडून टोकाकडे नेली तर जादा कापड टोकाशी गोळा होतं आणि तिथे कायमची चुणी पडते. कॉलरच्या घडीवर इस्त्री कधीच दाबायची नाही. सपाट कॉलर करा, इस्त्री बाजूला ठेवा, आणि गरम असताना हाताने वळवा. कॉलर मानेभोवती गोल बसली पाहिजे. सुरीसारखी घडी जिथे असते तिथेच कापड आधी तुटतं.

काळ्या शर्टाची चकाकी दाबामुळे आली आहे. कोळशाची इस्त्री फार जड असते, तिच्याखाली धागे चपटे होतात. गडद शर्ट नेहमी उलटा करून द्या, तसं इस्त्रीवाल्याला सांगा. लेबलावरच्या इस्त्रीच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. टेरिकॉट दोनच्या वर नको. लेबल कापून टाकायच्या आधी एवढं वाचून घ्या.

मी मुलाकडे कॅनडात आले आहे. इथे सगळं ड्रायरमध्ये. बाहेर वाळत घालायची परवानगी नाही. त्याचे कॉलरचे टी-शर्ट बघवत नाहीत.
*— सध्या टोरोंटो*

ड्रायरच्या जाळीत जी कापसाची गादी जमते ना, ती त्याच्या टी-शर्टांची आहे. घुसळणीने धागे झिजतात, त्याचंच हे पीठ. कमी उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा, दमट असतानाच काढा आणि घरातच उघडता-मिटता येणाऱ्या स्टँडवर आडवे टाका. थंडीत तिथे घरातली हवा गरम केल्याने कोरडी असते, रात्रीत वाळतात. ड्रायर थांबल्यावर शर्ट आत तसेच पडू देऊ नका, गार होताना ज्या चुरगळीत असतील ती चुरगळ धरतात.

माझ्या शर्टांची कॉलर मानेशी आणि दाढीच्या जागी विरली आहे, बाकी शर्ट उत्तम. पूर्वी शिंपी कॉलर पलटून देत. आता कुणी देतं का? तयार शर्टाची पलटता येते का?
*— निवृत्त शिक्षक, कोल्हापूर*

देतात, सर. मीही देते, आणि मला हे काम मनापासून आवडतं. जुन्या पेठांतल्या शिंप्यांकडे विचारा, नवीन दुकानात नको.

कॉलर खालच्या पट्टीपासून, म्हणजे मानेभोवतीच्या उभ्या पट्टीपासून, उसवायची. कॉलरचा तुकडा उलटा करायचा, विरलेली बाजू खाली, कोरी बाजू वर, आणि त्याच खाचेत पुन्हा बसवायचा. ऐकायला सोपं आहे, पण तीन गोष्टी आधी बघा. कॉलरच्या टोकाशी मागच्या बाजूला प्लास्टिकची पट्टी घालायची खाच असेल तर पलटल्यावर ती वर दिसेल. असा शर्ट पलटू नका. दुसरं, कॉलरचा खालचा थर वरच्यापेक्षा किंचित लहान कापलेला असतो, म्हणून टोकं खाली वळतात. पलटल्यावर लहान थर वर येतो आणि टोकं वर उचलू पाहतात. चांगला शिंपी कडेची शिवण टोकाजवळ उसवून आता खाली गेलेला थर केसभर आत घेतो. हे त्याला आधी विचारा. त्याने लगेच मान डोलावली तर काम त्याला द्या, तो गोंधळला तर शर्ट परत घ्या. तिसरं, चिकट अस्तर बहुधा वरच्या थराला असतं, त्यामुळे पलटलेली कॉलर थोडी मऊ लागेल. साबुदाण्याची पातळ खळ फक्त कॉलर-कफला दिलीत तर ती उणीव भरून निघते.

चौकड्यांचा शर्ट असेल तर पलटलेल्या बाजूच्या रेघा दोन्ही टोकांना सारख्या येतात का ते उसवायच्या आधी उलटून बघा. तयार शर्टात खालच्या थराला पुष्कळदा वाकडं कापड वापरलेलं असतं. तसं असेल तर पलटण्याऐवजी शर्टाच्या खालच्या, पँटमध्ये जाणाऱ्या भागातून पाठीमागचा तुकडा काढून वरचा थर नवा घालता येतो. शर्ट दोन-तीन इंच आखूड होईल. तुम्ही शर्ट बाहेर सोडत असाल तर तेही चालून जाईल. दाढीच्या जागी विरण्याचं म्हणाल, तर ते पुन्हाही होणारच. एकच शर्ट लागोपाठ घालू नका, चार शर्ट आलटून पालटून वापरा, म्हणजे पलटलेली कॉलरही अनेक वर्षं जाईल.